आधी शाळा, मग मंगल कार्यालय

करोनाचा विषय आता कोणाला नकोसा वाटतो. तरीही समाजबांधवांपुढे एक हिशेब मांडावासा वाटतो, कारण तो अजून मिटलेला नाही.

आम्ही बँकेत खिडकीवर बसणारी माणसे. २५ मार्च २०२० पासून देश बंद झाला, तरी बँका चालू होत्या. एप्रिलमध्ये महिलांच्या जनधन खात्यांत ५०० रुपये जमा होऊ लागले आणि इंदूरच्या आमच्या शाखेबाहेर सकाळपासून रांगा लागल्या. घरी वृद्ध आई, हातात शेकडो हातांतून आलेल्या नोटा. भीती होतीच. पण त्या पाचशे रुपयांवर कोणाची तरी चूल पेटणार होती, म्हणून खिडकी उघडी ठेवणे आम्हांला योग्यच वाटले.

तेव्हा सरसकट ‘उघडा’ किंवा ‘बंद ठेवा’ म्हणून भागत नाही. कर्ज देताना बँक जशी जोखीम तपासते, तसे प्रत्येक गोष्टीचे पाहावे लागते: गरज किती, धोका किती आणि तो कोणाच्या माथी?

इथेच आपण चुकलो. केंद्राने ८ जून २०२० पासून मॉल, उपाहारगृहे व प्रार्थनास्थळे उघडण्यास परवानगी दिली. आपल्या मध्य प्रदेशात पहिली ते पाचवीचे वर्ग मात्र सप्टेंबर २०२१ मध्ये भरले. या आजाराचा धोका मुलांना सर्वांत कमी होता, पण सर्वांत जास्त काळ दार बंद राहिले ते त्यांचेच.

मुलांकडून आजी-आजोबांना लागण होईल, ही शंका खोटी नव्हती. पण तेच आजी-आजोबा २०२१ च्या आरंभी बंद हॉलमधल्या लग्नांना गेले. साठीवरच्यांचे लसीकरण १ मार्चला नुकते सुरू झाले होते. दोन-तीन महिने थांबणे अशक्य नव्हते. मे महिन्यात देशात दिवसाला चार लाखांवर रुग्ण सापडू लागले. आमच्या शाखेतले दोन सहकारी गेले. दोष फक्त सरकारला कसा द्यावा? त्या पंगतींत आम्हीही बसलो होतो.

अशी साथ पुन्हा येणारच नाही, असे कोणी सांगू शकत नाही. म्हणून क्रम आजच ठरवावा. आधी रोजगार आणि खिडक्या उघड्या ठेवून शाळा. वृद्धांना लस सर्वांत आधी. बंद हॉलमधली गर्दी सर्वांत शेवटी. पुढच्या निवडणुकीत उमेदवार मते मागायला आपल्या समाजाच्या सभागृहात येतील, तेव्हा त्यांना हा क्रम मान्य आहे का, हे जरूर विचारावे. आणि आपल्या घरचे कार्य पुढे ढकलायची तयारी आहे का, हे स्वतःलाही.