लाकडी रॅकेट आणि आपला उसासा

लाकडी बॅडमिंटन रॅकेट दिसली की आपल्याकडच्या सुशिक्षित माणसाच्या तोंडून दोनच उद्गार निघतात. ‘काय दिवस होते!’ हा पहिला, आणि ‘हे सगळे स्मरणरंजन आहे’ हा दुसरा. पहिला भाबडा आहे. दुसरा स्वतःला चिकित्सक समजतो. माझे भांडण दुसऱ्याशी अधिक आहे, कारण तो आपण वर्गांतून आणि चर्चासत्रांतून शिकवत आलो आहोत. वस्तू असो वा संहिता, तिच्यावर ‘स्मरणरंजन’ अशी चिठ्ठी डकवली की तिच्याकडे नीट पाहण्याची जबाबदारी संपली, अशी आपली सोयीस्कर समजूत आहे.

पण स्मरण कोणाचे? १९६०च्या दशकात धातूच्या चौकटी आल्या, मागोमाग ग्रॅफाइट आले, आणि वरच्या दर्जाच्या खेळातून लाकूड नाहीसे झाले. आज पदवीच्या वर्गात बसलेल्या मुलाने लाकडी रॅकेटने एकही गेम खेळलेला नसतो, बहुधा त्याच्या वडिलांनीही नाही. तरीही जिमखान्याच्या कपाटातून अशी एखादी रॅकेट निघाली तर तो ती हातात घेतो, उलटसुलट करतो, तातीवर नख मारून आवाज ऐकतो, आणि लवकर खाली ठेवत नाही. ज्याला आठवणच नाही त्याचे रंजन कोणत्या स्मरणाने होते, हे या सिद्धान्तवाल्यांनी एकदा सांगावे.

माझे म्हणणे असे की ही रॅकेट वाचता येते. कार्बनची रॅकेट हा बंद दस्तऐवज आहे. ती साच्यातून निघते, वर रंग चढतो, आणि ती कशी झाली याचा माग पृष्ठभागावर उरत नाही. लाकडी चौकटीच्या कडेला पाहा: अ‍ॅश, बीच, हिकरी अशा लाकडांच्या पातळ पट्ट्या एकमेकींना चिकटवून वाकवलेल्या असतात आणि त्यांचे थर मोजता येतात. चौकट आणि दांडा जुळतो तो भाग सर्वांत नाजूक, म्हणून तिथे जादा लाकूड बसवलेले असते. कित्येकदा खांद्यापाशी दोऱ्याचे घट्ट वेढेही असतात. ते वेढे शोभेचे वाटतात, पण ताण घेण्याच्या जागी असतात. अलंकार आणि रचना वेगळी काढता येत नाही असे आपण कवितेविषयी इतक्या वेळा म्हणतो. इथे ते बोटांना कळते.

आणि ‘प्रेस’! चार कोपऱ्यांना स्क्रू असलेली ती लाकडी चौकट म्हणजे रॅकेटचा कायमचा तुरुंग. जाळीचा ताण चौकटीला सतत ओढत असतो, त्यात कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्याची दमट हवा मिळाली की लाकूड पिळते. म्हणून खेळ संपला की रॅकेट प्रेसमध्ये घालून चारही स्क्रू सारखे आवळायचे. एक जास्त आवळला तरी वाकण्याची भीती. खेळ अर्ध्या तासाचा, निगा वर्षभराची. या वस्तूचे आकर्षण तिच्या देखणेपणात जेवढे आहे त्याहून अधिक तिच्या या मागणीत आहे, असे मला वाटते.

भाषेनेही एक पुरावा जपला आहे. जनावराच्या आतड्याच्या ताती जाऊन नायलॉन कधीच आले, तरी रॅकेटला ‘गटिंग’ करून घेणे आणि ‘गट’ तुटणे हे शब्दप्रयोग आपल्या दुकानांतून अजून चालू आहेत. आतडे गेले, शब्द राहिला.

आता ‘काय दिवस होते’ या पंथाकडे वळू. ‘खरे कौशल्य लाकडाच्या काळात होते’ हे यांचे आवडते विधान, आणि पुरावा म्हणून नंदू नाटेकरांचे नाव. सांगलीत जन्मलेले नाटेकर १९५६ साली क्वालालंपूरला सेलांगोर स्पर्धा जिंकून परदेशात विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले आणि अर्जुन पुरस्कार सुरू झाला त्या १९६१ सालीच त्याचे मानकरी झाले. ते नाजूक, फसव्या फटक्यांचे कलावंत होते, यात वाद नाही. पण त्यांच्यासमोर हरणाऱ्यांच्या हातातही लाकडी रॅकेटच होती! नाटेकरांच्या मनगटाचे श्रेय लाकडाला देणे हा नाटेकरांचा अपमान आहे. खेळाचे साधन म्हणून आजची ८०-९० ग्रॅमची रॅकेट सरस आहे, हे मोकळेपणाने मान्य करावे. सात्विकसाईराज रंकीरेड्डीचा २०२३ सालचा ताशी ५६५ किलोमीटर वेगाचा स्मॅश लाकडातून निघणे शक्य नव्हते. शिवाय लाकडी रॅकेट तरी कुठे ‘शुद्ध’ राहिली होती? डोके लाकडाचे आणि दांडा पोलादाचा, अशा संकरित रॅकेटींनीही एक काळ गाजवला आहे. योनेक्स ही कंपनी सुरुवातीला मासेमारीच्या जाळ्यांचे लाकडी तरंगे बनवत असे; प्लास्टिकच्या तरंग्यांनी तो धंदा बुडवला तेव्हा १९५७ साली ती रॅकेटींकडे वळली. लाकडी रॅकेट परंपरेच्या गाभाऱ्यातून आलेली नाही, बाजाराच्या धक्क्याने आलेली आहे.

लघुनिबंधाने आपल्याला साध्या वस्तूकडे पाहायला शिकवले, हे फडके-काणेकरांचे ऋण आहे. पुढच्या अनुकरणकारांनी मात्र वस्तू बाजूला सारली आणि उसासा ठेवला. तोच उसासा आता विकायला निघाला आहे, ‘विंटेज’ या नावाने. कॅफेच्या भिंतीवर दोन रॅकेटी फुलीसारख्या टांगायच्या, शेजारी पांढऱ्या पोशाखातल्या खेळाडूंचे करड्या रंगातले चित्र लावायचे. हा खेळ पुण्याच्या लष्करी छावणीत गोऱ्या अधिकाऱ्यांनी रूढ केला, ‘पूना’ हेच त्याचे एक नाव होते, आणि जिमखान्यांच्या दारांवर कोणाला प्रवेश नव्हता, हे त्या भिंतीवर येत नाही. इंग्रजी छाप असलेल्या रॅकेटीचे कौतुक होते. फाळणीनंतर सियालकोट सोडून जालंधर आणि मेरठला आलेल्या कारागिरांनी क्रीडासाहित्याचा धंदा पुन्हा उभा केला. त्यांच्या रॅकेटी मात्र ‘साध्या’ म्हणून बाजूला पडतात. छाप वाचणारे पुष्कळ आहेत, थर वाचणारे थोडे.

विक्रेत्यांची वर्णने वाचली की हे अधिक स्पष्ट होते. मुठीवरचे चामडे घामाने काळे पडले असेल, अंगठ्याच्या जागी झिजले असेल, तर तो दोष म्हणून नोंदवला जातो. मग चामडे उतरवून नवी पट्टी गुंडाळतात, लाकडाला चकचकीत वॉर्निश चढवतात, आणि हिला ‘उत्तम स्थितीतील’ म्हणतात. ज्याने ती वीस वर्षे धरली त्याची बोटे कशी पडत होती, हे सांगणारी एकमेव ओळ तेवढी खोडलेली असते.