आरोग्य आणि आपण : हाडाचे दुखणे अंगावर काढू नका

आमच्या वस्तीतील एक बंधू गोदामात माल चढविण्या-उतरविण्याचे काम करतात. वय चौतीस, अंगाने धडधाकट. एके दिवशी त्यांचा उजवा खुबा दुखू लागला. ओझ्याचे काम आहे, दुखायचेच, असे त्यांना वाटले, घरच्यांना वाटले आणि खरे सांगायचे तर आम्हालाही वाटले. तेल चोळून झाले, पट्टा बांधून झाला, गोळ्या खाऊन झाल्या. यात पाच महिने गेले. पुढे दुखण्याने रात्रीची झोप मोडू लागली, बारीक ताप येऊ लागला, वजन उतरले. तेव्हा कुठे मोठ्या इस्पितळात तपासणी झाली आणि 'युइंग सार्कोमा' हे नाव आम्ही प्रथम ऐकले.

हा हाडाचा एक दुर्मिळ कर्करोग आहे. अमेरिकेतील डॉ. जेम्स युइंग यांनी १९२१ साली त्याचे वेगळेपण दाखवून दिले. तो मुख्यतः १० ते २० वर्षांच्या मुलामुलींना होतो. त्यामुळे तिशी-चाळिशीच्या माणसाच्या बाबतीत त्याची शंका कोणाला चटकन येत नाही. घोटाळा येथेच होतो.

मुलांमध्ये हा रोग बरेचदा हातापायांच्या लांब हाडांत असतो आणि सूज डोळ्यांना दिसते. मोठ्या माणसांत मात्र तो कटीची हाडे, पाठीचा कणा अशा खोल जागी किंवा हाडाबाहेर मांसल भागात होण्याचे प्रमाण अधिक असते. गाठ आतल्या आत वाढते. नस दाबली गेली तर पायात कळ जाते आणि आपण म्हणतो, नस आखडली. ताप आला, सूज गरम लागली तर हाडात पू झाला असे समजून औषधे दिली जातात. निदान होईपर्यंत गाठ मोठी झालेली असते आणि कधी फुप्फुसांत किंवा दुसऱ्या हाडांतही पोचलेली असते.

हा रोग का होतो? बहुतेक रुग्णांच्या गाठीतील पेशींमध्ये ११ व २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली आढळते. ही अदलाबदल जन्मानंतर त्या पेशींत होते. म्हणून हा रोग आईबापांकडून येत नाही, शेजारी बसल्याने लागत नाही, मार लागल्यानेही होत नाही. करणीचा तर प्रश्नच नाही. अंगारा-धुपाऱ्यात गेलेला महिना रोगाच्या फायद्याचा ठरतो.

मग करायचे काय? दुखणे तीन-चार आठवड्यांत थांबले नाही, विश्रांती घेऊनही राहिले, रात्री वाढले किंवा गाठ हाताला लागली, तर एक्स-रे काढून घ्यावा. एक्स-रेत काही दिसले नाही आणि दुखणे चालूच असेल तर पुन्हा डॉक्टरांकडे जावे, एमआरआयची गरज आहे का ते विचारावे. गाठ चोळू नये. गाठीचा तुकडा काढून करायची तपासणी, म्हणजे बायोप्सी, पुढे जेथे शस्त्रक्रिया होणार तेथेच करावी. चुकीच्या जागी छेद दिला तर पुढची शस्त्रक्रिया अवघड होते.

उपचारात आधी केमोथेरपी, मग शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार किंवा दोन्ही, आणि पुन्हा केमोथेरपी, असे वर्षभराच्या आसपास चालते. रोग पसरला नसेल तर शंभरातील सुमारे सत्तर रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. पसरल्यावर हा आकडा तीसच्या आसपास किंवा त्याखाली येतो. मोठ्या माणसांना औषधे सोसायला जड जातात, तरीही पूर्ण उपचार घेणे त्यांच्या हिताचे असते. औषधांमुळे पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते, म्हणून तरुण जोडप्यांनी लाज न बाळगता आधीच डॉक्टरांशी बोलावे.

आमच्या या बंधूंनी तिसऱ्या केमोनंतर उपचार सोडण्याचे ठरविले होते. दुखणे थांबले होते आणि घरात दुसरा पगार नव्हता. त्यांच्या पत्नी ठाम राहिल्या. आम्ही कागदपत्रांसाठी धावपळ केली. ज्यांचा ईएसआयचा हप्ता कापला जातो, त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अटी पूर्ण होत असतील तर कर्करोगासारख्या दीर्घ आजारात पगाराच्या ८० टक्के दराने, जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत रोख लाभ मिळतो. इतरांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील इस्पितळात आरोग्यमित्राला भेटावे. रेशनकार्ड व ओळखपत्र सोबत न्यावे.

त्यांचा उपचार पूर्ण झाला आहे. ते ठरलेल्या तारखांना तपासणीस जातात आणि गोदामातच नोंदवहीचे हलके काम करतात. पुढचे आज कोणी सांगू शकत नाही. पण ते पाच महिने वाया गेले, ही खंत त्यांना आहे आणि आम्हालाही आहे. आपल्या घरातील कमावत्या माणसाला आजच विचारा : रात्री दुखते का? त्याने 'चालायचेच' असे उत्तर दिले, तर ते ऐकून गप्प बसू नका.