उभ्या रेषेचा चढ

“कला शाखेच्या मुलीला गणित कशाला?” असे आमच्याकडे सर्रास विचारले जाते. मीही दहावीनंतर गणिताला हात जोडले. पण त्या पुस्तकातला एक नियम अजून पाठ सोडत नाही. वाय-अक्षाला समांतर असणाऱ्या रेषेचा चढ ठरवता येत नाही. परीक्षेत मी तिथे ‘शून्य’ लिहिले आणि गुण गेला. का गेला, हे विचारले तेव्हा “नियम पाठ करा” एवढेच उत्तर मिळाले.

वास्तविक चढ म्हणजे काय, हे आम्हां बीडकरांना शिकवावे लागत नाही. मांजरसुंब्याच्या घाटात एसटी कण्हू लागली की तो कळतो. पुढे किती गेलो आणि त्यात वर किती चढलो, हेच त्याचे माप. सपाट रस्त्यावर पुढे जातो पण वर चढत नाही, म्हणून तिथे चढ शून्य. उभ्या रेषेवर मात्र वर जातो, पुढे सरकतच नाही. (३, १) आणि (३, ५) हे बिंदू घ्या. वर ४, पुढे ०. आता ४ ला ० ने भागायचे. उत्तर कोणतेही धरा, त्याला शून्याने गुणल्यावर ४ यायला हवेत, येते शून्यच. म्हणजे असे उत्तर नाहीच.

मग अनंत म्हणावे का? इ. स. १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला ‘खहर’ म्हटले व ती अनंत मानली. त्यांचे विज्जडविड म्हणजे आपले बीड, असे काही अभ्यासक म्हणतात. काही चाळीसगावजवळचे पाटण सांगतात. ते असो. आज शाळेत अनंत म्हणत नाहीत, त्यालाही कारण आहे. उजवीकडे कललेली रेषा उभी करत न्यावी तर चढ १०, १००, १००० असा वाढतो. डावीकडे कललेली उभी करावी तर उणे १०, उणे १००, उणे १००० होतो. मधल्या उभ्या रेषेने कोणाचे ऐकावे?

माझे वडील गवंडी आहेत. शाळेत गेलेले नाहीत. भिंतीशी ओळंबा सोडून ते मला म्हणायचे, “दोरीचं अंतर बघ. वर-खाली सारखं असलं की भिंत सरळ.” क्ष = ३ या समीकरणात याहून वेगळे काय आहे? उंची कितीही असो, अंतर तीनच. य = मक्ष + क हे सूत्र आधी चढ मागते, म्हणून त्यात ही रेषा बसत नाही. दोष रेषेचा नाही, सूत्राला मर्यादा आहे.

कॉलेजच्या प्रवेश अर्जात ‘वडिलांचे शिक्षण’ या रकान्यात मी ‘शून्य’ लिहिले होते. आज वाटते, तेही उत्तर चुकले. तो रकाना फक्त इयत्ता मोजतो. आमच्या घरच्या माणसांचे ज्ञान त्या मापाने ठरवता येत नाही.

म्हणून गुरुजनांना नम्र विनंती आहे की, नियम जरूर पाठ करून घ्यावेत, पण ‘का’ हेही सांगावे. ज्यांच्या घरी विचारायला कोणी शिकलेले नाही, त्यांना ते शाळेतच कळायला हवे.