बंब येईपर्यंत

शाळूची काढणी-मळणी उरकली, कडब्याच्या गंज्या रचून झाल्या, गहू घरात आला. उन्हाचा चटका वाढला आणि वाराही सुटला. वर्षभराची वैरण, बी-बियाणं, कोठीतलं धान्य, गोठ्यातली दावण, सगळं आता एका ठिणगीच्या अंतरावर आहे. म्हणून आज आगीबद्दल बोलू या.

आग लागली की गाव धावत नाही, असं कधी होत नाही. हातातला घास टाकून माणसं पळतात. भाऊबंदकीत बोलणं बंद असलेलाही घागर घेऊन येतो. उणं पडतं ते धावण्यात नाही, तयारीत पडतं. चाळीस माणसं जमतात आणि बादल्या निघतात सहा. दहा जण एकदम ओरडतात आणि ऐकणारा कुणीच नसतो. तालुक्याहून बंब येईपर्यंत गंजीची राख झालेली असते. यात बंबवाल्यांचा दोष काय? वीस-पंचवीस किलोमीटरचा रस्ता, त्यात वस्तीकडे वळणारी बैलगाडीची वाट. पहिली वीस मिनिटं गावाचीच असतात. त्या वीस मिनिटांचं काय करायचं, ते मात्र आग लागण्याआधी ठरवावं लागतं.

हे अमेरिकेतल्या एका वाढत्या गावाला फार पूर्वी उमगलं. फिलाडेल्फिया त्याचं नाव. तिथं बेंजामिन फ्रँकलिन छापखाना चालवत असे आणि वर्तमानपत्र काढत असे. 1735 साली त्यानं आपल्या पत्रात लोकांना बजावलं, की पेटते निखारे उघड्या फावड्यावर घेऊन एका खोलीतून दुसरीत जाऊ नका. आपल्याकडे जुन्या बायका शेजारणीकडून विस्तव आणायच्या, त्यांना हे पटकन समजेल. नुसतं लिहून तो थांबला नाही. 7 डिसेंबर 1736 रोजी त्यानं सुमारे तीस जणांचं आगीचं मंडळ उभं केलं. पगारी माणूस एकही नाही. प्रत्येकानं ठरलेल्या संख्येनं कातडी बादल्या आणि सामान बाहेर काढायला मजबूत पिशव्या घरात तयार ठेवायच्या. महिन्याला एकदा जमायचं. जो गैरहजर राहील त्याला दंड. त्या दंडाच्या पैशातून बंब, शिड्या आणि आकडे घेतले गेले. पुढं इतके लोक नाव घालायला आले, की एका मंडळात मावेनात. तेव्हा त्यांना दुसरं मंडळ काढायला सांगितलं आणि अशी मंडळं वाढत गेली.

ही जुनी गोष्ट झाली म्हणून सोडून देऊ नका. जर्मनीत आजही आगीच्या कामाला स्वतःहून उभे राहिलेले लोक दहा लाखांच्या आसपास आहेत. चिली देशात वालपरायसो बंदरात 1851 साली असं दल निघालं आणि त्या देशात हे काम आजही बिनपगारी स्वयंसेवकच करतात.

आपल्याकडे पूर्वी काय होतं? गावाची राखण जागल्या आणि वेसकर यांच्यावर टाकलेली असे. ती जातीनं माथी मारलेली चाकरी होती. ती वतनं कायद्यानं गेली, फार बरं झालं. पण मग गावाची राखण कुणाची, हा प्रश्न उरला आणि आपण त्याचं उत्तर दिलं नाही. कायद्यानं मात्र दिलं आहे. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यात पंचायतीच्या कामांची यादी आहे. आग विझवायला मदत करणं आणि जीवित-वित्त वाचवणं हे काम तिच्यात आहे. पुढच्या ग्रामसभेत हे जरूर विचारा.

आणि गावं आता पूर्वीसारखी राहिली नाहीत. भंडारदऱ्याचं धरण 1926 साली पुरं झालं, प्रवरेच्या कालव्यांना पाणी आलं आणि शिवारात ऊस उभा राहिला. 1950 साली लोणीजवळ प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचे लहान लहान भाग गोळा करून तो उभा केला. त्यानंतर वस्त्या मळ्यामळ्यांत पांगल्या. पूर्वी देवळातली घंटा बडवली की गावठाण जागं व्हायचं. आज तीन किलोमीटरवरच्या वस्तीला ती कशी ऐकू जाईल? डोक्यावर विजेच्या तारा, चुलीशेजारी गॅसची टाकी, बांधाला बांध लागून वाळल्या पाचटाचा ऊस. गाव वाढलं तशी आगही वाढली. ज्या जिल्ह्यानं दहा-दहा जणांचा पैसा एकत्र करून कारखाना उभा केला, त्याला चार बादल्या आणि एक यादी एकत्र करणं जड जाऊ नये.

तर असं दल कसं बांधावं? फार खटाटोप नाही. पंधरा-वीस नावं लिहा आणि प्रत्येकाला एकच काम द्या.

एकानं फोन करायचा. आगीसाठी 101 किंवा 112, भाजलेल्या माणसासाठी 108. आपल्या जिल्ह्यात बऱ्याच गावांत ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे. एकानं फोन केला की त्याचाच आवाज गावातल्या सगळ्यांच्या फोनवर जातो. ही सोय जणू आजची देवळातली घंटाच. आपलं गाव तिच्यात आहे का, ते ग्रामपंचायतीत विचारून घ्या. जवळच्या कारखान्याकडे बंब असेल तर त्याचाही नंबर भिंतीवर लिहा.

एकानं वायरमनला किंवा उपकेंद्राला सांगून लाईन बंद करवायची. चालू तारेवर पाणी मारू नये, आपण होऊन डीपीला हात लावू नये. पण लाईन गेली की विहिरीवरची मोटरही बंद पडते, हे ध्यानात असू द्या. म्हणून ट्रॅक्टरवर चालणारा फवारणीचा ब्लोअर हाच आपला बंब. उन्हाळ्यात त्याची टाकी धुऊन, पाण्यानं भरून ठेवा आणि कुणाच्या घरी काय आहे त्याची नोंद करा.

दोघांनी जनावरांकडे बघायचं. दाव्याच्या गाठी सोडत बसू नका, विळ्यानं कापा. सोडलेलं जनावर भेदरून पुन्हा गोठ्यात शिरतं, तेव्हा त्याला लांब नेऊन बांधा. एकानं फाट्यावर उभं राहून बंबाला वाट दाखवायची. आणि एकीनं घरातली माणसं मोजायची. म्हातारं माणूस, झोळीतलं पोर, आजारी कोण, सगळे बाहेर आले का.

एकीनं म्हटलं ते मुद्दाम. फ्रँकलिनच्या मंडळात सगळे पुरुष होते. आपल्याला तसं चालणार नाही. बाजारच्या दिवशी भर दुपारी आग लागली तर वस्तीवर कोण असतं? आमच्या बहिणीच असतात. तेव्हा बचत गटातल्या बायांची नावं यादीत आधी घाला.

उसाला आग लागली तर आत शिरू नका. वारा ज्या बाजूला चालला आहे, तिकडं पुढं जाऊन ऊस तोडा, पाचट ओढून पट्टा मोकळा करा. आग तिथं अडते. कुणाच्या अंगावरचे कपडे पेटले तर पळू देऊ नका. जमिनीवर लोळवा, जाड घोंगडी टाका. भाजल्या जागेवर वीस मिनिटं साधं गार पाणी सोडा. हळद, शाई, दात घासायची पेस्ट यातलं काही लावू नका.

आता एक अवघड गोष्ट. पाथर्डी-शेवगावकडून आणि बीडकडून ऊसतोडणीची मंडळी दरसाल येतात आणि पाचटाच्या कोप्यांत राहतात. आईबाप फडात गेलेले, कोपीत लेकरं. अशी कोपी पाच मिनिटांत बसते. त्यांची नावं गावच्या कुठल्याच यादीत नसतात. आपल्या दलाच्या यादीत ती वस्ती पहिली असावी. कोप्या एकमेकींपासून लांब घालायला सांगा, शेजारी पाण्याचं पिंप भरून ठेवा, दुपारी एक फेरी मारा. गावाचं दल खरं की नावापुरतं, ते इथं कळेल.

सरकारी बंब आहे ना, असं कुणी म्हणेल. त्यांचा मान मोठाच आहे. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या गोदीत स्फोट झाला, त्यात अग्निशमन दलाचे 66 जवान कामी आले. म्हणून दरवर्षी 14 ते 20 एप्रिल हा सप्ताह पाळतात. पण बंब हाताशी असलेल्या नगर शहरातही 6 नोव्हेंबर 2021 रोजी जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि 11 रुग्ण गेले. धूर कुणाची वाट पाहत नाही. पहिल्या काही मिनिटांत जवळचा माणूस काय करतो, त्यावर सगळं ठरतं.

येत्या एप्रिलच्या सप्ताहात एक संध्याकाळ काढा. पारावर जमा, वहीत नावं लिहा, एकदा ब्लोअर लावून पाणी किती लांब जातं ते बघा. जो येणार नाही त्याला दंड एक बादली. ती बादली देवळात टांगून ठेवा. आग लागल्यावर विहीर खणायची नसते, एवढं आपल्या वाडवडिलांनी सांगून ठेवलंच आहे.

बरं तर, पुढच्या आठवड्यात भेटू.