पुस्तक परत करताना

सायंकाळी सहाचा सुमार. तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयात देवघेव विभागापुढे चार-पाच वाचक उभे असतात. ग्रंथपाल पुस्तक परत घेतो, नोंद करतो, उशीर झाला असल्यास दंडाचे दोन-चार रुपये मागतो आणि ‘पुढचे कोणते?’ असे विचारतो. ‘हे कसे वाटले?’ असे मात्र तो विचारीत नाही. वाचकही आपण होऊन सांगत नाही. मागे उभा असलेला दुसरा वाचक तेच पुस्तक उचलतो, मलपृष्ठावरील मजकूर वाचतो आणि न्यावे की न न्यावे याचा तर्क बांधीत राहतो. ज्याने ते कालच वाचून संपविले तो माणूस त्याच्यापासून हातभर अंतरावर असतो. मराठी ग्रंथव्यवहाराचे एक मोठे दुखणे या हातभर अंतरात साठलेले आहे.

मराठी माणसाला पुस्तकांविषयी मत नसते, असे नाही. १८६७ साली सुरू झालेल्या ‘विविधज्ञानविस्तारा’ने नव्या ग्रंथांचे परीक्षण हे आपले नित्याचे कर्तव्य मानले. १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ काढली, तीत वाचन हा स्वतंत्र निबंधाचा विषय झाला आणि समकालीन ग्रंथकारांची झाडाझडतीही झाली. जोतीराव फुले यांच्या लेखनावर चिपळूणकरांनी केलेली टीका अन्यायाची होती, हे आज बहुतेकांना मान्य होईल. परंतु तीही उघड होती, नाव घेऊन केलेली होती, आणि म्हणूनच तिचा अन्याय पुढच्या पिढ्यांना दाखवून देता आला. जे मत बोललेच जात नाही, त्याची चूक कोणी दुरुस्त करावी?

आज परिस्थिती निराळी आहे. पुस्तकाविषयी जाहीरपणे जे बोलले जाते ते मुख्यतः प्रकाशन समारंभात, आणि तेथे वक्त्याचे काम गौरव करण्याचे असते. लग्नात वधूपक्षाच्या उणिवा काढू नयेत, इतकाच हा शिष्टाचार रास्त आहे. अडचण अशी, की समारंभ संपल्यावरही तीच भाषा परीक्षणात उतरते. ‘साभार पोच’ या सदरातून पुस्तक सुटलेच, तर ‘वाचनीय व संग्राह्य’ या दोन विशेषणांत त्याची बोळवण होते. छपाई सुबक ठरते, मुखपृष्ठ आकर्षक ठरते. संग्राह्य म्हणजे कपाटात ठेवण्याजोगे, असाच अर्थ वाचकाने घेतला आणि पुस्तक कपाटातच ठेवले, तर दोष त्याचा कसा मानावा?

याचे कारणही उघड आहे. मराठी साहित्यविश्व लहान आहे. लेखक, परीक्षक, प्रकाशक आणि पुरस्कार समितीचे सदस्य एकमेकांना ओळखतात. आज ज्याच्या पुस्तकावर लिहावयाचे, तोच उद्या आपल्या पुस्तकावर लिहिणार असतो. अशा वेळी स्पष्ट बोलण्यापेक्षा गप्प बसणे सोपे. या भिडेपासून संपूर्ण मोकळा असा एकच माणूस या व्यवहारात आहे, आणि तो म्हणजे वर्गणी भरून पुस्तक घरी नेणारा सामान्य वाचक. त्याला लेखकाकडून काही मिळवावयाचे नसते. नेमके त्याचेच मत कोणी विचारीत नाही.

मताने पुस्तकाचे काय होते, हे पाहावयास दूर जाण्याचे कारण नाही. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली ग्रंथालीने प्रसिद्ध केले. पांढरपेशा वाचकाला आपल्याच गावाची, आपल्याच शहराची कधी न पाहिलेली बाजू त्यात दिसली व तो हादरला. पु. ल. देशपांडे यांच्यासारख्या लोकप्रिय लेखकाने त्या पुस्तकाविषयी कळकळीने लिहिले. उलट, दलित समाजातील काही सुशिक्षितांना मागचे सारे असे उघड्यावर मांडणे रुचले नाही, आणि तेही त्यांनी बोलून दाखविले. यांत कोण बरोबर व कोण चूक हा प्रश्न येथे गौण आहे. महत्त्वाचे हे, की वाद पुस्तकातील मजकुराशी होता. सहमत असलेल्यांनी आणि नसलेल्यांनी मिळून ते पुस्तक मराठी जीवनात रुजविले.

याच्या उलट चित्र डिसेंबर २०२२ मध्ये दिसले. कोबाड गांधी यांच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’ या आत्मकथनाच्या अनघा लेले यांनी केलेल्या अनुवादाला राज्य शासनाचा पुरस्कार जाहीर झाला. त्यात नक्षलवादाचे उदात्तीकरण आहे असा आक्षेप निघताच तो रद्द झाला, निवड समितीही बरखास्त झाली. याच्या निषेधार्थ काही साहित्यिकांनी राजीनामे दिले, आणि ते योग्यच होते. ज्यांनी पुस्तक वाचून निर्णय दिला त्यांचे मत एका आदेशाने पुसले जाते, तेव्हा वाचलेल्या माणसाच्या शब्दाला किती किंमत आहे ते उघड होते. पण त्या गदारोळात पुस्तकात नेमके काय आहे आणि अनुवाद कसा उतरला आहे, याची चर्चा किती झाली? जेथे वाचणारा बोलत नाही, तेथे न वाचणाऱ्याचा आवाज मोठा होतो. स्तुतीचा सुळसुळाट आणि बंदीची मागणी ही एकाच मौनाची दोन अपत्ये आहेत.

सामान्य वाचकाच्या मताला अधिकार कोणता, असा प्रश्न विद्वान विचारतील. तो अगदीच निराधार नाही. ‘आवडले’ किंवा ‘कंटाळवाणे’ या एका शब्दाने कोणाचे ज्ञान वाढत नाही, आणि पहिल्या वीस पानांवरून काढलेला निष्कर्ष लेखकावर अन्याय करतो. तथापि अधिकार हा पदवीने येतो तसा कष्टानेही येतो. पुस्तक शेवटपर्यंत वाचलेले असावे. जे आवडले वा खटकले ते कोठे, हे सांगता यावे. आणि का, याचे एखादे तरी कारण देता यावे. शेतीवरील कादंबरीत पेरणीचा हंगाम चुकला आहे, हे शेतकरी वाचकच समीक्षकापेक्षा आधी सांगू शकेल. रुग्णालयाचे वर्णन खरे की ऐकीव, हे परिचारिकेला अधिक कळेल. हे मत समीक्षेची जागा घेणार नाही हे खरे. पण त्याच्यावाचून समीक्षाही अधांतरी राहते.

अशा मताला घर देण्याची सोय महाराष्ट्रात तयार आहे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे, मुंबईचे १८९८ सालचे. १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि आज राज्यात दहा हजारांहून अधिक अनुदानित वाचनालये आहेत. त्यांच्या तपासणीत ग्रंथ किती, सभासद किती, नियतकालिके किती, हे सारे मोजले जाते. आलेले प्रत्येक पुस्तक दाखल नोंदवहीत चढते. ते वाचून वाचकाला काय वाटले, याची मात्र कोठेही नोंद नसते.

यावर उपाय खर्चाचा नाही. देवघेवीच्या मेजावर एक साधी वही ठेवावी. पुस्तक परत करणाऱ्याने, इच्छा असल्यास, तीत नावानिशी चार ओळी लिहाव्यात. महिन्यातून एकदा दहा-बारा वाचकांनी तासभर बसून त्या ओळींवर बोलावे, आणि नव्या ग्रंथांची निवड करणाऱ्यांनी खरेदीपूर्वी ती वही चाळावी. तुटपुंज्या वेतनावर राबणाऱ्या ग्रंथपालावर याचा फार भार पडू नये. वहीत काही आततायी मजकूर येईल, काही मत्सरी येईल. त्याच्याच खाली दुसरा वाचक उत्तर लिहील. काही महिन्यांत त्या गावाच्या वाचनाचा असा आलेख तयार होईल, जो कोणत्याही समारंभाच्या अहवालात सापडणार नाही.

मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याचा आनंद उचितच होता. पण भाषेचा दर्जा जसा प्राचीन ग्रंथांवर ठरतो, तसाच तिची आजची पुस्तके वाचून कोणी काय बोलते यावरही ठरतो. त्याची सुरुवात देवघेवीच्या मेजाशी, ‘हे कसे वाटले?’ या एका प्रश्नाने होऊ शकेल. तो ग्रंथपालाने विचारला तर उत्तमच. न विचारल्यास मागे उभ्या असलेल्या वाचकाने विचारावा.