परसातली पहिली कोंबडी
पेडणे-डिचोलीच्या परसात सुरुवातीला आठ-दहा कोंबड्या पुरतात. गावठी कोंबडी अंडी कमी देते, पण खुडूक होऊन 21 दिवसांत पिल्ले स्वतः काढते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेली ग्रामप्रिया अंडी भरपूर देते, मात्र ती सहसा खुडूक होत नाही. नवख्याला गावठीच बरी. एक दिवसाची पिल्ले विकत आणल्यास पहिल्या आठवड्यात सुमारे 35 अंश सेल्सिअसची ऊब लागते. ती दिव्याखाली एकमेकांवर चढू लागली तर गारठली आहेत, दूर पांगून धापा टाकू लागली तर दिवा उंच करावा. मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, पहिली लस पहिल्या आठवड्यातच द्यावी. पुढची आठव्या आठवड्याच्या सुमारास. खरी कसोटी पावसाळ्याची. जूनपासून खुराड्यातली जमीन ओलावते आणि ओल्या तुसात रक्ती हगवणीचे जंतू वाढतात. पिल्ले पटापट दगावतात. म्हणून खुराडे चिऱ्यांच्या जोत्यावर उचललेले असावे, छपराच्या पागोळ्या बाहेर पडाव्यात, तूस रोज हलवावे, भिजलेले लगेच काढावे. मुंगूस अरुंद फटीतूनही शिरते, त्यामुळे जाळी बारीक हवी आणि तिन्हीसांजेला दार बंद.