बोट गेलं, चूक कुणाची?

कारखान्यात कुणाचं बोट गेलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "त्याचं लक्ष नव्हतं." दुसरं, "हातमोजे दिले होते की, घालतच नाहीत!" झाली चौकशी. या दोन वाक्यांचा मला भयंकर राग येतो. नात्यातल्या कारखानदारांनी हवं तर माझ्यावर रागवावं.

युरोपचे यंत्रसुरक्षेचे नियम म्हटले की लोकांना फक्त कागदी घोडे आठवतात. कागद आहेतच हो, भरपूर आहेत. पण २००६ चा मशिनरी डिरेक्टिव्ह मुळात एक क्रम सांगतो. आधी यंत्राची रचनाच अशी करा की धोका राहू नये. ते जमलं नाही तर गार्ड, इंटरलॉक लावा. एवढं करूनही जो धोका उरेल, त्याच्यासाठी सूचना, प्रशिक्षण आणि हेल्मेट-हातमोजे. म्हणजे आपण जिथून सुरुवात करतो, ती तिथली शेवटची पायरी! (आणि फिरत्या ड्रिलजवळ हातमोजा उलट घातकच. तो गुंडाळला जातो आणि हात आत ओढतो.)

त्याहून महत्त्वाचं म्हणजे माणूस यंत्र कसं चुकीचं वापरेल, याचा अंदाज बांधणं ही निर्मात्याची जबाबदारी धरली आहे. माणूस थकतो, घाई करतो, अडकलेला तुकडा हाताने काढायला जातो. हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणून तर प्रेसला दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची सोय करतात. दोन्ही हात बटणांवर असले की डायखाली जाणार कुठून?

"सीई शिक्का म्हणजे निव्वळ धूळफेक," असंही म्हणतात. यात तथ्य आहे. बहुतेक यंत्रांच्या बाबतीत निर्माता स्वतःच 'नियम पाळले' असं जाहीर करतो. २० जानेवारी २०२७ पासून लागू होणाऱ्या नव्या नियमातही (२०२३/१२३०) तिसऱ्या संस्थेची तपासणी मोजक्याच प्रकारांना सक्तीची आहे. पण याचा अर्थ तपासणी वाढवा असा होतो, नियम मोडीत काढा असा नाही. ब्रुसेल्सच्या जाचाला कंटाळून बाहेर पडलेल्या ब्रिटनने स्वतःचा वेगळा शिक्का काढला, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये यंत्रांसाठी सीई शिक्का बेमुदत चालेल असं जाहीर केलं. जाच इतका असह्य होता तर!

पुण्याहून युरोपला जाणाऱ्या यंत्रालाही हेच नियम लागतात. तिकडे पाठवताना गार्ड बसवता येतो, म्हणजे तो बसवायचं ज्ञान आपल्याकडे आहे. मग इथल्या गिऱ्हाइकासाठी किंमत उतरवायला तोच गार्ड काढणार असाल, तर निदान नंतर "त्याचं लक्ष नव्हतं" म्हणू नका. लक्ष तुमचं होतं, फक्त ते किमतीवर होतं.